क्लायमेटचा रिसर्च बांधापर्यंत न्यायचा कसा: खान्देशात चुकत चुकत जमलेली पद्धत

आमचा पहिला मोठा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही त्याचं फ्लेक्स छापलं होतं, आठ बाय दहाचं, त्यावर जिल्ह्याचा नकाशा, लाल-केशरी-पिवळे तालुके आणि खाली बारीक अक्षरात २०५० पर्यंत काय काय होणार ते. पारोळा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभा झाली, फ्लेक्स तिथंच राहिलं. नोव्हेंबरात अवकाळी आला, दोन दिवसांनी कामानिमित्त परत गेलो तर एका आप्पांच्या ओट्यावर वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर तेच फ्लेक्स ताणून बांधलेलं, चारी कोपऱ्यांना विटा. कापूस कोरडा होता. आमच्या दोन वर्षांच्या कामाचा त्या गावाला झालेला हा एकमेव फायदा, आणि तोही प्लास्टिकचा.

त्याच ग्रामसभेत आप्पांनी सगळं ऐकून घेऊन विचारलं होतं, "समदं बरोबर शे भाऊ, पन मंग आमी काय करानं?" मी तेव्हा पाणी वाचवा, झाडं लावा, असलं काहीतरी बोललो. अजून आठवलं की लाज वाटते.

तर हे लिहितोय ते रिसर्च करणाऱ्यांसाठी, म्हणजे एम.एस्सी.-पीएच.डी.वाले, संस्थेत प्रोजेक्ट सांभाळणारे, केव्हीकेत म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात नवीन लागलेले. शेतकऱ्याला जागरूक कसं करायचं हा इथला विषय नाही, ऊन वाढलंय हे भुसावळच्या माणसाला बाहेरून येऊन कोणी सांगायची गरज नाही.

पायरी १: आधी निर्णयांची वही भरा, डेटाला नंतर हात लावा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. रिसर्च कुठलाही असो, त्यामुळे कोणाचा तरी एखादा निर्णय बदलला पाहिजे आणि प्रत्येक निर्णयाला तारीख असते. तारीख उलटून गेल्यावर आलेली माहिती कितीही खरी असली तरी ती रद्दी.

करायचं असं. गावातली सहा-सात माणसं, त्यात निदान दोन बाया आणि एखादा कसायला जमीन घेणारा, रात्री जेवणं उरकल्यावर सोसायटीच्या ओट्यावर बसवा. मोठ्या कागदावर वर्ष मांडा, पण जानेवारीपासून मांडू नका, आपल्याकडे शेतीचं साल आखाजीपासून म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून धरतात, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी पण तेव्हाच ठरतो, म्हणून आखाजीपासून सुरू करा, माणसं लगेच बोलायला लागतात. प्रत्येक महिन्यात काय ठरवावं लागतं, ते घरात कोण ठरवतं, पैसा कोणत्या दिवशी अडकतो आणि एकदा ठरलं की मागे फिरता येतं का, एवढे चार प्रश्न, हीच निर्णयांची वही. "तुमच्या समस्या काय" हे विचारूच नका, त्याला उत्तर एकच मिळतं, भाव नाही आणि लाईट नाही, आणि ते खरंच असतं पण तुमच्या कामाचं नसतं.

रावेर-यावलकडच्या केळीचं उदाहरण घ्या. तिथं दोन मोठे हंगाम, जून-जुलैत लावतात ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. कांदेबागेचं रोप लहान असतानाच थंडी लागते, १६ अंशांच्या खाली पारा गेला की नवीन पानं येण्याचा वेग मंदावतो आणि अजून घसरला की चरका पडतो, म्हणजे थंडीने झाडाला इजा होते. मृगबागेचं उलटं, थंडीत झाड बऱ्यापैकी मोठं झालेलं असतं पण निसवण होऊन म्हणजे घड बाहेर पडून लटकतात ते नेमके उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि मग चाळिशीपारचं ऊन आणि गरम वारा, पानं करपतात, घड सटकतात. म्हणजे कोणत्या बागेला किती क्षेत्र द्यायचं हाच त्या शेतकऱ्याचा क्लायमेटचा सगळ्यात मोठा निर्णय आहे, तो स्वतः त्याला तसं म्हणत नसला तरी. आता हा निर्णय कधी होतो? आम्हाला वाटायचं लावणीच्या वेळी. वही भरताना कळलं की टिश्यू कल्चरच्या रोपांचं बुकिंग दोन-तीन महिने आधी होतं आणि ॲडव्हान्स तेव्हाच जातो. म्हणजे मृगबागेबद्दल काही सांगायचं असेल तर ते मार्चमध्ये सांगायला हवं आणि आम्ही कार्यशाळा घेत होतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, का तर प्रोजेक्टचं बजेट तेव्हा सुटायचं.

ग्रामपंचायतीचं पण तसंच. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास हलायला लागतो, बंधारा, नाला खोलीकरण, रोजगार हमीची कामं त्यातच शिरतात. तुमचा पाणलोटाचा नकाशा जानेवारीत पोचला तर सरपंच चहा पाजतील आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतील. तो ऑगस्टमध्ये पोचला पाहिजे.

वही भरून झाली की तुमचा रिसर्च नेमका कोणत्या रकान्यात बसतो ते प्रामाणिकपणे बघा. बसतच नसेल तर तो पेपर म्हणून छापा, चांगलंच आहे, पण गावात नेऊन लोकांची संध्याकाळ खाऊ नका.

पायरी २: "शेतकरी" हा तुमचा वाचक नाही

बहुतेक प्रपोजलमध्ये लाभार्थी म्हणून शेतकरी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तुमची माहिती आधी वापरणार मधला माणूस. कृषी सहायक, ज्याच्याकडे चार-पाच गावं आणि पन्नास योजनांचे फॉर्म. शेतकरी कंपनीचा सीईओ. जलसंधारणचा इंजिनियर. केळी कापणीच्या टोळीचा मुकादम, कारण मे महिन्यात टोळी पहाटे किती वाजता निघेल हे तोच ठरवतो, उष्णतेवरचा रिसर्च वापरणारा त्याच्याइतका थेट माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि त्याला अजून कोणी कार्यशाळेला बोलावल्याचं ऐकलं नाही.

आणि कृषी केंद्रवाला, म्हणजे बियाणं-खत-औषधांचा दुकानदार. हा माणूस आपल्या लोकांना आवडत नाही, विकायला बसलाय म्हणतात, ते खरंय. पण पाऊस लांबला की शेतकरी सगळ्यात आधी त्याच्याच काउंटरवर येतो, उधारी पण तिथंच असते. त्याला वगळून केलेलं प्लॅनिंग कागदावरच राहतं. यातला एकच माणूस निवडा, त्याचा दिवस कसा जातो ते एक दिवस सोबत फिरून बघा, मग लिहायला बसा.

पायरी ३: सरासरी सोडा, "किती दिवस" सांगा

२०२२ च्या फेब्रुवारीत आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचा, अडॅप्टेशनवरचा (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यावरचा) जो रिपोर्ट आला तो ३ हजारांवर पानांचा आहे, आणि त्यातली बरीचशी भाषा सरासरीत बोलते, तापमान दीड अंशाने वाढेल, दोन अंशांनी वाढेल. जळगावात सकाळ आणि दुपारच्या तापमानातच पंधरा अंशांचा फरक असतो, तिथं दीड अंश ऐकून कोणाला काय वाटणार?

पीक सरासरीवर जगत-मरत नाही, ते एखाद्या हद्दीवर मरतं. म्हणून आधी हद्द शोधा, ती केळी संशोधन केंद्रातून, केव्हीकेतून, जुन्या बागायतदारांकडून मिळते, मग डेटात मोजा की ती हद्द वर्षात किती दिवस ओलांडली जाते आणि सलग किती दिवस. "एप्रिलमध्ये ४२ च्या वर गेलेले दिवस, दहा वर्षांपूर्वी आणि आता" हा एक साधा तक्ता दहा स्लाइडपेक्षा जास्त बोलतो. फळपीक विमा पण असाच चालतो, ठरलेलं तापमान सलग ठरलेले दिवस राहिलं तर भरपाई, त्यामुळे केळीवाल्यांना ही भाषा आधीपासून पाठ आहे, आपल्यालाच नव्याने शिकायची आहे. पावसाचंही तेच. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, हा आकडा तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतो कारण पंचनामा त्यावर होतो. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पडू द्या हे पण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे ओळखीचे आकडे वापरा, स्वतःचे निर्देशांक जन्माला घालू नका, आम्ही एक केला होता, शून्य ते एक असा, त्याचा अर्थ पुढे पुढे आम्हालाच समजावून सांगता येईना.

पायरी ४: डेटाची चौकट केवढी आहे ते आधी तपासा

हे थोडं टेक्निकल आहे पण इथंच जास्त फसवणूक होते, बहुतेक वेळा नकळत. हवामान विभागाचा चौकटींचा (ग्रिडचा) जो पावसाचा डेटा मिळतो तो अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा असतो, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटरची एक चौकट, तो १९०१ पासून आहे. तापमानाचा एक अंशाचा, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, १९५१ पासून. आता विचार करा, एक अंशाच्या चौकटीत सातपुड्यातलं पाल आणि तापीकाठचं भुसावळ एकत्र येऊ शकतं, त्या दोघांची सरासरी म्हणजे कुठल्याच गावाचं तापमान नाही. आणि हाच डेटा सॉफ्टवेअरमध्ये टाकून गावनिहाय रंगीत नकाशा काढता येतो, दिसतो पण झकास. काढू नका.

गावाच्या जवळ जायचं असेल तर महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, त्यांचा डेटा वापरा, पण तो थोड्याच वर्षांचा आहे, बदल दाखवायला पुरत नाही, हंगाम समजायला पुरतो. दोन्ही शेजारी ठेवा, जुना कल मोठ्या चौकटीतून घ्या आणि यंदाची गोष्ट मंडळातून. आणि मंडळाचं केंद्र जिथं बसवलंय ती जागा एकदा डोळ्यांनी बघून या. आम्ही बघितलेलं एक भिंतीला लागून होतं आणि शेजारी निंबाचं मोठं झाड, वाऱ्याचा वेग तिथं काय मोजला जाणार. गावातल्या पोरांना ते माहीत होतं, आम्हाला डेटात एक वर्ष कोडं पडलेलं.

पायरी ५: "शक्यता" या शब्दाची दुरुस्ती

इंग्रजी रिपोर्टमध्ये प्रत्येक शब्दाला आकडा बांधलेला असतो, एक शब्द म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर, दुसरा म्हणजे ९० च्या वर. मराठीत येताना सगळ्याचं "शक्यता आहे" होतं. मग पाऊस आला तरी बरोबर, नाही आला तरी बरोबर, आणि लोक हसतात.

दाणे वापरा. मक्याचे दहा दाणे समोर ठेवायचे, सांगायचं की ही दहा सालं. यातल्या किती सालांत मृगाच्या पावसावर पेरून नंतर दुबार करावी लागली? माणसं आपसात भांडून तीन-चार दाणे बाजूला काढतात. मग तुम्ही तुमच्या डेटाचे दाणे मांडा. फरक पडला तर त्यावर बोला, तीच खरी बैठक. तारखा नक्षत्राने सांगा, जुलैचा दुसरा आठवडा म्हणण्यापेक्षा पुनर्वसू म्हटलं की जुन्या माणसांच्या डोक्यात शेताचं चित्र उभं राहतं. तरण्या पोरांना तारीख सांगा, त्यांना नक्षत्रं येत नाहीत, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आखाजीच्या घागरीवरून मी एक गोष्ट शिकलो. घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची, आणि ज्या ढेकळाला जास्त ओल त्या महिन्यात जास्त पाऊस. ते खरं ठरतं का हा मुद्दा बाजूला ठेवा. मुद्दा हा की लोकांना काय जाणून घ्यायचंय ते त्या ढेकळांत दिसतं. "सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के" म्हणजे अख्ख्या मोसमाची बेरीज, आणि शेतकऱ्याला बेरीज नको असते, कोणत्या महिन्यात खंड पडेल ते हवं असतं. १०० टक्के पाऊस पडूनही ऑगस्टात २५ दिवस खंड पडला तर पातेगळ होऊन, म्हणजे कळ्या-फुलं गळून, कापूस हातचा जातो. तुमच्या निकालाची मांडणी चार ढेकळांसारखी करता येते का बघा, महिन्यागणिक, एकमेकांशी तुलना करून.

पायरी ६: गावाकडे आधीच काय आहे ते विचारा, आणि शोभेसाठी विचारू नका

पांझरा नदीवरची फड पद्धत हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण. तीनशेच्या वर वर्षं जुनी, नदीवर बंधारा, त्यातून पाट, लाभक्षेत्राचे फड पाडलेले आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. बंधाऱ्याला पाणी कमी आलं तर त्या वर्षी कमी फड भिजवायचे आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. आता ही पद्धत बरीच मोडलीय, वरची धरणं, विहिरी, मोटारी, कारणं पुष्कळ आहेत. पण कमी पाण्याच्या वर्षाचा नियम चांगल्या वर्षात बसून ठरवून ठेवायचा, ही तिची जान आहे, आणि अडॅप्टेशनच्या नावाखाली आपण जे पॉवरपॉइंटवर शिकवतो त्यापेक्षा ती जास्त पक्की आहे. रिपोर्टमध्ये अशा गोष्टी "पारंपरिक ज्ञान" अशा चौकोनात एका फोटोसकट येतात आणि शिफारशींमध्ये त्यांचा पत्ता नसतो. उलटं करा, शिफारशीची सुरुवातच तिथून करा.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, जमलं तर पावसाळ्यानंतर. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं जाऊन जंगल बघण्यापेक्षा नियम विचारा, कुऱ्हाडबंदी मोडली तर दंड कसा, कोण ठरवतं. सगळा जीव नियमात असतो.

पायरी ७: प्लॉट घ्या आणि हिशोब पूर्ण मांडा

प्रात्यक्षिकाचा प्लॉट शंका घेणाऱ्याच्या शेतात घ्या. पुढाऱ्याच्या शेतात घेतला की पीक चांगलं आलं तरी लोक म्हणतात, त्याचं काय, त्याच्याकडे दोन विहिरी.

उत्पन्न सगळेच मोजतात. मजुरी, मशिनची वेळ आणि कोणाचं काम वाढलं हे कोणी मोजत नाही. रुंद वरंबा-सरीचं घ्या, बीबीएफ म्हणतात ते. पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो, कमी झाला तर मुरतो, चांगलीच पद्धत आहे, जळगाव जिल्हा ज्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पात होता त्यातही तिचा भरपूर प्रचार झाला. पण गणित करा. समजा गावात बीबीएफ यंत्रं दोन, एक यंत्र दिवसाला दहा-बारा एकर करतं, वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल पाच दिवस टिकते. झाले शंभर ते एकशेवीस एकर. गावाचं पेरणीचं रान ८०० एकर असेल तर बाकीच्यांना तुम्ही काय सांगणार? इथं शेतकऱ्याचं प्रबोधन कमी पडत नाहीये, यंत्र कमी पडतंय, म्हणजे तुमचा निष्कर्ष शेतकरी कंपनीच्या अवजार बँकेकडे जायला हवा आणि तोही एप्रिलच्या आत. असं गणित प्रत्येक शिफारशीचं करा, निम्म्या शिफारशी तिथंच गळतात.

बाया काय म्हणतात ते वेगळं ऐका, वेगळं बसून. आच्छादन केलं तर ओल टिकते हे आम्ही सांगत होतो, एक मावशी म्हणाल्या ते राहू द्या, निंदणीची एक पाळी वाचली हे आधी सांगा. तेव्हापासून आम्ही तेच आधी सांगतो.

पायरी ८: सल्ले एकमेकांना छेद देतात, ते लपवू नका

हे कोणी लिहीत नाही. कापसाचं बघा. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग सांगतो मे महिन्यात लावू नका, लवकर आलेल्या फुलांवर अळीची पहिली पिढी पोसली जाते, काही वर्षं तर बियाणं विक्रीवरच तारखेची बंधनं आली. दुसरीकडे ज्याच्याकडे विहीर आणि ठिबक आहे तो पूर्वहंगामी लावतो, कारण जूनमध्ये खंड पडला तरी झाड उभं राहिलेलं असतं आणि लवकर रान मोकळं करून मका किंवा हरभरा घेता येतो. दोघांचंही बरोबर आहे. कीडवाला आणि पाणीवाला वेगवेगळ्या दिवशी येऊन वेगवेगळं सांगून जातात आणि शेतकरी दोघांनाही हो म्हणतो. तुम्ही दोन्ही एका कागदावर शेजारी-शेजारी ठेवा, कोणाला काय परवडतं ते त्याला ठरवू द्या, वर एवढं लिहा की एकट्याने लवकर लावलं तर शेजाऱ्याच्या रानाला पण अळी लागते.

शेततळ्याचंही तसंच. पावसाचं पाणी साठवायला काढलेलं तळं प्लास्टिक टाकून बोअरच्या पाण्याने भरलं तर ते अडॅप्टेशन नाही, जमिनीखालचं पाणी वर आणून उन्हात ठेवणं आहे. यावल-रावेर पट्ट्यात भूजल कुठं गेलंय ते सगळ्यांना दिसतंय. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर केळी आणखी वाढली की वाचलं काय? असा प्रश्न गावात विचारला की वातावरण गरम होतं. होऊ द्या, पण आधी त्या गावात दोन-तीनदा चहा झालेला असावा.

पायरी ९: कागद आणि व्हॉट्सअ‍ॅप

इथं पटपट. एक पान, काळं-पांढरं, कारण ग्रामपंचायतीच्या प्रिंटरमध्ये रंग नसतो आणि झेरॉक्समध्ये लाल-केशरी दोन्ही काळेच येतात. वर निर्णय, खाली कारण, आपल्या संस्थेचा लोगो सगळ्यात शेवटी आणि लहान. प्रत्येक कागदावर "अमुक तारखेपर्यंतच लागू" असं ठळक लिहा, नाहीतर मागच्या वर्षीचा पावसाचा मेसेज यंदा फिरतो, फिरतोच. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, आपला मेसेज त्याच्याशी टक्कर घेणार नाही हे बघा. जिल्हा पातळीवरची कृषी हवामान युनिटं २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तो सल्ला तालुक्याच्या भाषेत आणून देणारा माणूस कमी झालाय, ती जागा कोणीतरी भरायला हवी.

व्हॉइस मेसेज करा, दीड मिनिटाचा, अमळनेर-पारोळा-धुळ्याकडे अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत, आणि बोलणारा तिथलाच घ्या. मी एकदा स्वतः अहिराणीत रेकॉर्ड केला, पोरांनी त्याची नक्कल करून स्टेटसला टाकली. पोचला म्हणायचं, पण तसा नको.

पायरी १०: परत जा

प्रोजेक्ट संपतो, कृषी सहायकाची बदली होते, सीईओ दुसरी नोकरी धरतो. म्हणून सगळं एका माणसाकडे ठेवू नका, वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शेतकरी कंपनीत द्या, फायलीत नको, भिंतीवर. आणि वर्षाने जाऊन मोजा की वहीतला कोणता निर्णय बदलला. किती लोकांना माहिती दिली हा आकडा फंडरला द्या, तो मागतोच, स्वतःसाठी हा दुसरा आकडा ठेवा. आमचा पहिल्या वर्षी दोन आला होता, दोन माणसं, दोघांनी कांदेबागेचं थोडं क्षेत्र कमी केलं, त्यातल्या एकाने तर म्हणे रोपंच मिळाली नाहीत म्हणून. तोही आम्ही लिहून ठेवला, शेजारी कारणासकट.

परतीची बैठक पोळ्याच्या आधी लावा. पोळ्यानंतर पूर्वहंगामी कापसाची वेचणी सुरू होते आणि मग दिवाळीपर्यंत कोणी फोन उचलत नाही.